एकशेऐंशी पौंडी

पुण्याच्या जुन्या बाजारात जी वस्तू आणायला गेला तीच घेऊन परत आला, असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी एका रविवारी नळाचा वॉशर आणायला गेलो आणि तंबू घेऊन आलो. वॉशर राहिलाच. तो नळ आजही गळतो, पण त्यावर आता घरात कोणी बोलत नाही, कारण गळण्याच्या बाबतीत पुढे त्याहून बरंच मोठं काही घडलं.

त्या बाजारात मिलिटरीच्या मालाचा एक कोपरा असतो. ताडपत्रीवर हॅवरसॅक, जाड सुती पट्टे, मेस टिन, पोंचो आणि एकमेकांशी काही नातं नसलेले बूट मांडलेले असतात. आमची पिढी याला ‘डिस्पोजल’ म्हणते. हा शब्द दुकानदारांचा नाही, अस्सल सरकारी आहे. १९४५ साली महायुद्ध संपलं तेव्हा दोस्तांच्या फौजांचा इतका माल इथे पडून राहिला, की तो विकण्यासाठी वेगळी यंत्रणा लागली. पुढे दिल्लीत ‘सप्लाइज अँड डिस्पोजल्स’ नावाचं महासंचालनालयच कित्येक दशकं होतं, ते २०१७ मध्ये बंद झालं. डिस्पोजल म्हणजे विल्हेवाट. सरकारनं जिची रीतसर विल्हेवाट लावली ती वस्तू पदरचे पैसे मोजून घरी आणणाऱ्याला काय म्हणायचं, यासाठी सरकारी शब्द नाही. घरगुती आहे. तो बायकोनं वापरला.

पण माझी बाजू ऐका. ऐंशीच्या दशकात कॉलेजात असताना आम्ही गड चढलो ते डिस्पोजलच्याच जिवावर. पायात कॅनव्हासचे हंटर शूज, पाठीवर हॅवरसॅक. तिचे पट्टे खांद्यात असे रुतायचे की सोमवारी वर्गात बसल्यावरही आपण कुठल्या बाजूला कललोय ते कळायचं. पाण्याच्या बाटलीला फेल्टचा जाड अंगरखा असायचा. तो ओला केला की वाऱ्यानं सुकता सुकता आतलं पाणी गार करायचा, अगदी माठासारखं. पाणी राजगडावरच्या टाक्यातलं असो की तोरण्यावरच्या, चव मात्र बाटलीचीच यायची. आता मुलांच्या सॅकला कमरेचा पट्टा, छातीचा पट्टा, पाठीला हवा लागावी म्हणून जाळी आणि पाणी पिण्यासाठी नळी असते. नळी तोंडात धरून रतनगड चढणारा मुलगा पाहिला की मला सलाईन लावलेला पेशंट आठवतो.

तर मी आणि आमचा कॅशियर त्या कोपऱ्यापाशी थबकलो. कॅशियर हे त्याचं नाव नव्हे. बँकेत पस्तीस वर्षं त्यानं काचेपलीकडून लोकांच्या नोटा मोजल्या, त्यामुळे तो निवृत्तीनंतरही कॅशियरच राहिला. हिरव्या कापडाचा एक अजस्र गठ्ठा पडला होता. मी नुसता पायानं चाचपला. विकणाऱ्यानं ओळखलं.

“एकशेऐंशी पौंडी आहे साहेब.”

कॅशियरनं मनातल्या मनात पौंडाचे रुपये केले, माझा दंड धरला आणि म्हणाला, “चल.”

पौंड किमतीचे नसून वजनाचे आहेत, हे समजायला थोडा वेळ गेला. लष्करात तंबूची ओळख वजनानं होते. चाळीस पौंडी, ऐंशी पौंडी, एकशेऐंशी पौंडी. त्याहून मोठा तो ई.पी.आय.पी. म्हणजे ‘युरोपियन प्रायव्हेट्स, इंडियन पॅटर्न’, गोऱ्या सोजिरांसाठी इथल्या उन्हाला धरून बेतलेला दुहेरी कापडाचा तंबू. सोजीर कधीच गेले, पण त्यांचं नाव आपल्या तंबूवर राहिलं. दुकानातले आजचे तंबू ‘दोघांचा’, ‘चौघांचा’ असे विकले जातात. लष्कर आधी वजन सांगतं, कारण तंबू पूर्वी खेचराच्या पाठीवरून जायचा आणि आत किती जण झोपणार यात खेचराला रस नसतो.

एकशेऐंशी पौंड म्हणजे जवळजवळ ८२ किलो. कॅशियर स्वतः ६१ किलोचा आहे.

“आला कुठून?” मी विचारलं.

“सियाचीन.”

शेजारच्या गाळ्यावरचा स्टोव्ह सियाचीनहून आला होता. त्यापलीकडची मच्छरदाणीसुद्धा सियाचीनहूनच आली होती. बर्फातला डास कसा असतो ते विचारायचा मोह मी आवरला. घासाघीस झाली, “मेखा, मोगऱ्या, खांब, सगळं कम्प्लीट आहे” अशी ग्वाही मिळाली, आणि दोन हमालांनी तो गठ्ठा गाडीच्या टपावर चढवला. गाडी खाली बसली ती त्या दिवसापासून नीट उठलेली नाही. निघताना रस्त्याच्या नावाची पाटी दिसली: वीर संताजी घोरपडे पथ. तेव्हा त्यात मला काही सूचक वाटलं नाही.

घरी गच्चीवर उलगडून पाहिला. पहिल्यांदा आला तो वास. ओलं गोणपाट, रॉकेल, बंद पडलेलं वाचनालय आणि भिजलेला कुत्रा हे सगळे एका खोलीत बसून पत्ते खेळताहेत असा वास. कोपऱ्यात पांढऱ्या रंगात छापलेले आकडे, शेजारी बाणाची खूण. ही खूण साहेबानं शेकडो वर्षं आपल्या सरकारी मालावर मारली, चोरी झाली तर माल ओळखता यावा म्हणून. आणि दाराच्या पडद्यापाशी वीतभर लांबीचं एक ठिगळ. त्याचे टाके मी चष्मा लावून पाहिले. तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे, कडेला दुमड घातलेली, चारही कोपऱ्यांत दोरा दोनदा फिरवलेला. मशीनचे नव्हेत, हातचे. कुठल्या तरी चौकीत कुणा जवानानं कंदिलाच्या उजेडात बसून घातले असावेत. माझ्या शर्टाचं बटण गेले तीन महिने टाचणीवर आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी संध्याकाळीच फलक लावला: ‘गच्चीवर मंगल कार्यासाठी मांडव घालण्यास सक्त मनाई आहे.’

कोजागिरीला पवनेच्या काठी जायचं ठरलं. चौघं: मी, कॅशियर, भूगोलाचे निवृत्त मास्तर आणि माझे धाकटे मेहुणे. मेहुण्यांकडे एन.सी.सी.चं ‘बी’ सर्टिफिकेट आहे. त्यांनी ते १९८४ साली मिळवलं आणि आजवर एकदाही वापरलं नव्हतं, त्यामुळे ते अगदी कोरं होतं. सामानाची यादी त्यांनीच केली. त्यात माणशी एक किटबॅग, एक मेस टिन, एक ग्राउंडशीट आणि ‘अफसरांसाठी खुर्ची, एक’ असं होतं. ही खुर्ची म्हणजे रुरकी चेअर, रुरकीच्या सॅपर्सनी लढाईवर नेता यावी म्हणून शोधून काढलेली. पक्का सांधा नाही, नुसत्या काठ्या, पट्टे आणि कापड. जमीन कितीही उंचसखल असो, चारही पाय टेकतात. ती कुठूनशी पैदा केली. तिच्यात कोणी बसायचं यावर टोल नाक्यापासून लोहगड दिसेपर्यंत चर्चा चालली, आणि मोहिमेचं खरं दुखणं तिथेच लक्षात यायला हवं होतं.

पवनेच्या काठी आता कॅम्पिंगचं पीक येतं. तुंग आणि तिकोना दोन्ही बाजूंनी पाहत असतात आणि मधे निळे, नारिंगी घुमट मशरूमसारखे उगवलेले असतात. माणशी दर, त्यात बार्बेक्यू, सकाळी पोहे. आम्ही तिथून जरा लांब, एका मावशींच्या वावराच्या कडेला परवानगी काढून थांबलो. पलीकडच्या बांधाशी एका मुलानं पिशवीतून चकती काढली, हवेत फेकली. खाली पडेपर्यंत तिचा तंबू झाला होता. त्यानं आमच्याकडे पाहून हात केला.

आम्ही गठ्ठा सोडला. ‘कम्प्लीट’ मेखा तीन वेगवेगळ्या तंबूंच्या होत्या. काही लोखंडी, काही लाकडी, एक बहुधा रेल्वेची. मोगरी एक होती, तिचा दांडा दुसरीचा. आडवा वासा दोन तुकड्यांचा, ते एकमेकांत बसेनात. खांब दोन असायला हवेत, ते दीड होते. उरलेल्या अर्ध्यासाठी कॅशियर मावशींकडून बांबू मागून घेऊन आला आणि तो परत करायचा आहे हे वहीत लिहून ठेवलं.

मग मेहुण्यांनी हुकूम द्यायला सुरुवात केली. हुकूम हिंदीत होते. “तानो!” “ढील दो!” “दाजी, अपनी जगह मत छोड़ो!” मी त्यांच्या बहिणीचा नवरा आहे. तीस वर्षांत या माणसानं माझ्यासमोर पाय लांब करून बसण्याची हिंमत केली नव्हती. मास्तर वाऱ्याची दिशा सांगत होते. कॅशियर मेखा मोजत होता. मी, जागा न सोडता, सूचना करत होतो. तासाभरानं वासा वर चढला आणि कापडाच्या पोटाखालून मास्तरांचा आवाज आला, “मी आतच राहिलोय. हे बरोबर आहे ना?”

तेव्हा मला कळलं. एकशेऐंशी पौंडी उभा करायला एक हवालदार लागतो आणि सात-आठ जण असे लागतात, जे त्याचं ऐकतात. सैन्याच्या मालाबरोबर सैन्य येत नाही, ते खडकीतच राहतं. मिलिटरीची प्रत्येक वस्तू हे गृहीत धरूनच बनवलेली असते, की जो ती वापरेल त्याला ती उचलावी लागणार नाही, आणि जो उचलेल त्याला कोणी मत विचारणार नाही. आमच्यात चारही साहेब होते.

गावातली माणसं एव्हाना जमू लागली होती. पहिले आजोबा आले, त्यांनी लांबूनच विचारलं, “लगीन हाय का?” नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला, पण ते थांबले. मग दोघं मोटारसायकलवरून आले, उतरले नाहीत, तंबूकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मास्तरांच्या हातातल्या होकायंत्राकडे जास्त वेळ पाहिलं. “मोजणीवाले का?” त्यातल्या एकानं विचारलं, आणि त्या आवाजात आधीच्या ‘लगीन’चा गोडवा नव्हता. धरणाच्या काठी सरकारी रंगाचा तंबू पडला की त्याचा अर्थ काय, हे त्यांच्या घरातल्या मागच्या पिढीनं चांगलं भोगलंय. कोजागिरीला आलोय, दूध आटवणार आहोत, असं मी सांगितलं. दूध आटवायला एवढा तंबू कशाला, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. आमच्या वयाकडे पाहून सोडून दिला असावा.

दोन तास वीस मिनिटांनी तंबू उभा राहिला. थोडा तिकोन्याकडे कललेला, पण उभा. आणि खरं सांगतो, दिसत होता देखणा. नायलॉनचा घुमट पाहिला की वाटतं, कुणी तरी ठेवलाय, आत्ता उचलून नेईल. कॅनव्हासचा तंबू पाहिला की वाटतं, इथे कोणी तरी राहतं. आत हिरवट उजेड, गवताचा वास, बाहेरचे आवाज दबून आलेले. मेहुणे रुरकी चेअरमध्ये बसले. ती मुळीच मोडली नाही. तिच्यातून उठता मात्र येत नाही, हे सॅपर्सनी कुठे लिहिलेलं नाही. दोघांनी हात देऊन त्यांना काढलं.

दुधाचं थोडक्यात सांगतो. स्टोव्ह रॉकेलचा होता आणि रॉकेल पुण्यात आता तंबूपेक्षा दुर्मीळ आहे. तेव्हा काटक्या पेटवल्या. मेस टिनचं ॲल्युमिनियम इतकं पातळ असतं, की दूध वर गार असतानाच खाली लागतं, आणि मूठ इतकी छान तापते, की ते उतरवायला पुन्हा हवालदार हवा. केशर, वेलदोडा, चारोळी यांच्यावर मात करून जळका वास आला. चंद्र मात्र झकास होता. नऊपर्यंत.

नऊनंतर लोहगडाच्या मागून ढग आले. परतीचा पाऊस मावळात वर्दी देऊन येत नाही.

आता कॅनव्हासचं शास्त्र. सुती कापड भिजलं की धागे फुगतात आणि मधली भोकं बुजतात, म्हणून जुना तंबू पावसात पहिली पाच मिनिटं झिरपतो आणि मग चक्क गळायचा थांबतो. फक्त आतून त्याला हात लावायचा नाही. लावला, की तिथे पाण्याला वाट सापडते आणि ते तिथूनच ठिबकत राहतं. मेहुण्यांनी हे जाहीर केलं, “कपड़े को कोई छुएगा नहीं!” आणि पाच मिनिटांनी खरोखरच गळायचं थांबलं. आम्ही अवाक झालो.

“म्हणजे इथे हात लावला तर?” कॅशियरनं विचारलं.

“कुठे?”

“इथे,” म्हणून त्यानं बोट लावून दाखवलं.

तिथून थेंब सुरू झाला. मास्तर म्हणाले, हे केशाकर्षण, आणि वर्गात फळ्यावर दाखवायची सवय असल्यामुळे पाणी कुठून कुठे जातं ते त्यांनी बोटानं रेघ ओढून दाखवलं. रेघ वीतभर लांब होती. मग थेंब चुकवायला कॅशियर सरकला तो खांद्यानं कनातीला टेकला, त्याला आवरायला मी उठलो ते डोक्यानं. अर्ध्या तासात आमच्या प्रत्येकाचं एक स्वतःचं, हक्काचं गळकं ठिकाण झालं. ठिगळ मात्र कोरडं होतं. त्या टाक्यांतून एक थेंबही आला नाही.

दुसरं शास्त्र दोरांचं. सुती किंवा तागाचे तणावे भिजले की आखडतात. म्हणून पावसात कोणीतरी बाहेर जाऊन ते सैल करायचे असतात, नाहीतर ते मेखा उपटतात. हेही मेहुण्यांना ठाऊक होतं. ‘बी’ सर्टिफिकेटच्या परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि त्यांना त्यात पूर्ण मार्क होते. बाहेर कोणी जायचं हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं. मास्तर म्हणाले, ज्यानं तंबू विकत घेतला त्यानं. मी म्हणालो, ज्याला शास्त्र कळतं त्यानं. कॅशियर म्हणाला, चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठ्या टाकल्या, त्या भिजल्या, नावं वाचता येईनात.

एकच्या सुमारास पहिली मेख सुटली. बंदुकीसारखा आवाज झाला. मग दुसरी, मग रेल्वेची. आम्ही चौघंही आडवे, आपापल्या थेंबाखाली, आवाज मोजत होतो. मग बांबूनं मान टाकली आणि सगळं एकदम खाली आलं.

१६८९ मध्ये संताजी घोरपड्यांनी रात्री छावणीत घुसून औरंगजेबाच्या तंबूचे तणावे तोडले आणि सोन्याचे कळस काढून नेले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. बादशहा तेव्हा तंबूत नव्हता म्हणून वाचला, असं सांगतात. तो कशाला मुकला, ते मी सांगू शकतो. कोरडा ८२ किलो, भिजून किती देव जाणे, असा तो शाही डेरा अंगावर घेऊन अंधारात कुणाचा तरी पाय आपल्या तोंडापाशी आहे आणि तो मेहुण्याचा आहे हे वासावरून ओळखणं, हा अनुभव आलमगिराच्या नशिबी नव्हता. आणि आमच्याकडे संताजी आलेच नव्हते. आमचं आम्हीच केलं.

रांगत बाहेर आलो तर समोर बॅटरी. मागे मावशी, डोक्यावर गोणपाटाची खोळ.

“मेले न्हाईत ना कोणी?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर लगेच मुद्द्यावर आल्या. “मग ते कापाड द्या. भात भिजतंय माझं.”

हळवं भात कापून खळ्यावर भारे रचले होते, आणि त्यांच्यावरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं फाडून नेला होता. मग जे झालं ते सात-आठ मिनिटांत झालं. मावशींनी आवाज चढवला नाही. “तू हिकडनं धर. टकल्या, तू त्या टोकाला. चष्मेवाले, मदी या. उचला. आता वढा.” मला कुठे धरायचं ते सांगितलं आणि मी तिथेच धरलं. कोणी काही सुचवलं नाही. मेहुणे एकदा “एक-दो” म्हणाले, मावशींनी त्यांच्याकडे नुसती बॅटरी वळवली. तंबू खळ्यावर पसरला, कडांना दगड पडले, एक तणावा गोठ्याच्या खांबाला आणि एक म्हशीच्या खुंट्याला बांधला गेला. बांधताना त्यांनी दोर बोटभर ढिला ठेवला. “भिजलं की आखडतंय,” त्या म्हणाल्या.

उरलेली रात्र आम्ही त्यांच्या पडवीत काढली. कॅशियरनं बांबू परत केला आणि वहीत तशी नोंद केली.

सकाळी ऊन पडलं. मावशींनी भाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिलं, वरच्या थरात, मग खाली, मग अगदी तळाशी. कोरडं होतं. ओला कॅनव्हास गुंडाळला तर बुरशी येऊन कुजतो, तेव्हा वाळेपर्यंत तो तिथेच राहणार हे उघड होतं. शिवाय तो उचलायचा कोणी, हाही प्रश्न होता. आम्ही चहा घेतला आणि हलक्या गाडीनं घरी आलो.

“तंबू कुठाय?” बायकोनं विचारलं.

“ड्युटीवर,” मेहुणे म्हणाले.

दिवाळीनंतर मावशींचा फोन आला. मिल्ट्रीचं कापड वाळलंय, मळणी झाली, घेऊन जा. मी म्हणालो, येतो, गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे. संक्रांतीला पुन्हा आला. तेव्हा कॅशियरच्या गुडघ्याचं कारण सांगितलं, जे पूर्ण खोटं नव्हतं. परवा त्या म्हणाल्या, नेणार नसाल तर नका नेऊ, पण मेखा तेवढ्या आणून द्या, तुमच्याबरोबर गेल्यात. त्या माझ्याकडेच आहेत. या रविवारी जुन्या बाजारात जाऊन आणखी आठ-दहा बघतो. आणि वॉशर.